फाट्यावरची सायकल

१

भीमराज मोटारी भरायचा. विहिरीतली पाण्याची मोटार जळाली की जळकी तार उपसायची आणि नवी भरायची, हे त्याचं काम, आणि वारंगा फाट्याच्या अलीकडच्या चार-पाच गावांत त्याच्या हाताला तोड नव्हती. घराला लागून पत्र्याचं शेड होतं, तेच दुकान. लोक मोटार टाकून जात, भीमराज "परवा या" म्हणे, आणि त्याचं परवा म्हणजे खरंच परवा असायचं. असा मिस्तरी हल्ली कुठं मिळतो सांगा.

फेब्रुवारी सरत आला होता. गावात घरोघरी हळद शिजत होती आणि वास कपड्यांत, भाकरीत, उशीत शिरला होता. अशात एके सकाळी फाट्यावरच्या किसनसिंगचा फोन आला. किसनसिंग तांड्यावरचा, पासष्टीला टेकलेला माणूस. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान.

"जय भीम, भीमराज. रस्ता रुंद होऊन राहिला. माझं दुकान चाललं त्याच्यात. तुमची अमानत घेऊन जा बाबा आता."

अमानत म्हणजे सायकल. काळी, दांडीची, बापाची. बाप रस्त्याची डागडुजी करणारा मैलकुली होता, आणि या दगडापासून त्या दगडापर्यंतचा आपला तुकडा त्यानं जन्मभर त्याच सायकलीवरून राखला. बाप गेल्यावर ती थोरल्याकडे, नरसिंगकडे आली. एकतीस वर्षांपूर्वी, दसरा होऊन चारच दिवस झाले होते, नरसिंग तिच्यावर बसून फाट्याला गेला. किसनसिंगच्या दुकानात सायकल टेकवली, "न्यायला येईल कोणीतरी घरचं" म्हणाला, आणि कुठल्याशा गाडीत बसून निघून गेला. बावीस वर्षांचा होता. फाट्यावरून तीन वाटा फुटतात, एक नांदेडची, एक हिंगोलीची, एक नागपूरकडची. तो कोणत्या वाटेनं गेला ते कोणी पाहिलं नाही. मग ना पत्र, ना निरोप, ना माणूस.

गावातले चार जण तेव्हा सायकल आणायला निघाले, तर जनकाबाई, म्हणजे या दोघांची माय, आडवी झाली. "सायकल फाट्यावरच ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "माझं लेकरू उतरंल गाडीतून. मंग सात किलोमीटर पायी येईल का ते?"  किसनसिंगनंही मग सायकल न्या म्हणायचं सोडून दिलं. त्यानं ती मागच्या खोलीत उभी केली आणि एकतीस वर्षं तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही.

भीमराजनं ती टेम्पोत आडवी घातली, वरून ताडपत्री ओढली आणि भरदुपारी घरी आणली. बायकोला, दिपाला, खरं ते सांगितलं. मायला सांगितलं नाही. माय ऐंशीच्या घरात होती, डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पायातलं त्राण गेलेलं. दिवसभर ओट्यावरच्या बाजेवर पडून असायची. सायकल घरी आली म्हणजे फाट्यावर आता काही उरलं नाही, हे तिला सांगायची हिंमत भीमराजला झाली नाही.

२

मोटारीचं काम तीनपर्यंत. मग जेवण, आणि मग सायकल. असा त्याचा रोजचा नेम पडला.

गंज म्हणाल तर वरवरचा होता. जुनं लोखंड ते, आतून टणक. त्यानं सगळी सायकल सुटी केली, चाकांतले छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले, दांडी पॉलिश पेपरनं घासत बसला. घासता घासता दांडीच्या पोटाशी बापाच्या हातचं कोरलेलं नाव निघालं, वेडंवाकडं. बापाला नावापुरतंच लिहिता यायचं. भीमराज ते अंगठ्यानं पुसत बराच वेळ तसाच बसून राहिला आणि त्याला रडू आलं. शेडात कोणी नव्हतं, म्हणून त्यानं ते आवरलंही नाही.

त्याच्या मनात एक बेत होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माय दरवर्षी विहारापासून वेशीपर्यंत चालायची. गेली दोन वर्षं बाजेवरून नुसतं ढोल ऐकत होती. तर सायकल निळी रंगवायची, मागच्या कॅरियरवर गादीची सीट बसवायची, पाठीला टेकायला पाइप वाकवून द्यायचा, पाय ठेवायला दोन पट्ट्या, आणि मायला बसवून हातानं ढकलत मिरवणुकीत न्यायचं. तोवर सायकलचं कसं सांगायचं ते सुचेलच काहीतरी.

"माणसं सायकलीला हॉर्न लावतात, तुमी सोफा लावून राहिले," दिपा म्हणाली. ती सकाळीच हळदीच्या कामाला जायची ती सहाला परतायची. हसली, पण रेक्झिन तिनंच शिवून दिलं, आत जुन्या रजईचा कापूस दाबून भरला.

पाचव्या दिवशी मागचं चाक तयार झालं. नव्या तारा, आऊट काढून सरळ केलेली रिम, चेन चढते ती दातेरी चक्री जुनीच. त्यानं ते छताच्या पाइपाला दोरीनं टांगलं आणि हात धुवायला बाहेर आला. चार वाजले असतील. माय बाजेवर उठून बसली होती. उठून बसायला एरवी तिला दोघांचे हात लागायचे.

"भीमा," ती म्हणाली, "चहा ठेव. नरसू उतारानं येऊन राहिला."

३

हे उताराचं सांगायला हवं. फाट्याकडून येणारा रस्ता गावाशी येताना टेकाड चढतो आणि मग पुलावरून, निंबावरून, हातपंपावरून सरळ भीमराजच्या फाटकाशी उतरतो. टेकाडावर आलं की बाप पायडल मारणं सोडून द्यायचा. नरसिंगही तेच करायचा. पाय थांबले आणि चाक फिरत राहिलं की मागची चक्री टिकटिकते. आत दोन छोटे खटके असतात, मिस्तरी लोक त्यांना कुत्ते म्हणतात, ते दात्यांवरून घसरतात त्याचा तो आवाज. तो टेकाडावरून ऐकू आला की माय चहाचं आधण ठेवायची. सायकल फाटकाशी यायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची. जाणाऱ्या सायकलीचा तसा आवाज नसतो, कारण जाणारा पायडल मारत असतो. तो आवाज फक्त येणाऱ्याचा.

"कशाची सायकल, माय," भीमराज म्हणाला. "पत्रे तापले शेडाचे. ऊन कललं की वाजतात."

आणि ते खोटं नव्हतं. पत्रे वाजतातच. पण तो गप्प झाला तेव्हा त्यालाही ऐकू आलं. लांबून, टेकाडाकडून, बारीक, एकसारखं, टिकटिकटिकटिक. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पुलापर्यंत आल्यासारखं वाटलं आणि थांबलं.

दुसऱ्या दिवशी तो चारच्या आधीच शेडात जाऊन स्टुलावर बसला. मनाशी म्हणाला, मी मिस्तरी माणूस आहे, आवाज येतो म्हणजे कुठंतरी काहीतरी कशाला तरी घासतंय, बघू. चार वाजले. टेकाडाकडून आवाज सुरू झाला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं चाक फिरू लागलं.

चाक आवाज करत नव्हतं. चेन नसली की चक्री चाकाबरोबरच फिरते, टिकटिकायचं कारणच नसतं. चाक इथं मुकाट फिरत होतं आणि आवाज तिकडं, टेकाडावर होता. वारा असेल, तो म्हणाला. दोरीला पीळ बसला असेल. हे तो मोठ्यानं म्हणाला, म्हणजे स्वतःला पटेल. मग त्यानं हात पुढं करून रिम धरली.

टेकाडावरचा आवाज थांबला.

ओट्यावरून मायनं विचारलं, "थांबला का रे तो?"

भीमराजनं हात सोडला. चाक पुन्हा फिरलं, आणि तिकडं पुन्हा टिकटिक सुरू झाली.

"आला, आला," माय म्हणाली.

४

त्यानं दिपाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर घरात चांगलंच चाललं होतं. माय बसून जेवू लागली होती. वेणी घालून मागायची. चार वाजायच्या आत हातपाय धुऊन, लुगड्याचा पदर नीट करून बसायची. "सासूबाईंना कोणतं औषध लागू पडलं?" दिपा म्हणायची. भीमराज मान डोलवायचा आणि चहा ठेवायचा, एक कप जास्त.

आवाज रोज थोडा अलीकडं येत होता. पूल, मग निंब, मग हातपंप. सायकलीला रंग लागला, चाकं बसली, चेन बसली, कॅरियरवर दिपानं शिवलेली सीट बसली. जसजशी सायकल पुरी होत गेली तसतसा तो आवाज जवळ आला. मार्चच्या मध्यावर एका दुपारी तो फाटकाशी येऊन थांबला. भीमराज ओट्यावरच होता. फाटकाबाहेर ऊन होतं, बाकी काही नव्हतं. पण कोणीतरी सायकल थांबवून एक पाय जमिनीवर टेकवला की चपलेखाली वाळू जशी चुरचुरते, तशी चुरचुरली.

माय कान देऊन ऐकत होती. मग तिनं भीमराजकडं तोंड वळवलं.

"तो तुला इचारून राहिला."

"काय?"

"भीमा, येतो का फाट्यापर्यंत. असं म्हणून राहिला."

 ते शब्द या घरात त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते. मायला नव्हते, दिपाला नव्हते. एकतीस वर्षं ते त्यानं कोणाला सांगितले नव्हते.

गावची रीत अशी होती की फाट्यावरून कोणाला गाडी धरायची असली की सोबत एकाला डबलसीट न्यायचं. एक जण गाडीत बसतो, दुसरा सायकल वापस आणतो. त्या दिवशी नरसिंगनं सायकल फाटकाशी उभी केली, एक पाय टेकवला आणि म्हणाला, "भीमा, येतो का फाट्यापर्यंत?" भीमराज तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि फुगलेला होता. हिंगोलीचा दसरा दाखवायला नेतो म्हणून दादानं कबूल केलं होतं आणि शेवटी दोस्तांबरोबर निघून गेला होता. माय रानात होती, घरात हे दोघंच.

"तुझा तू जा," भीमराज म्हणाला होता.

"मग सायकल कोण आणील वापस?"

"पडू दे तिथंच."

नरसिंग हसला होता. कॅरियरवर दोनदा थाप मारून बघितलं होतं, एवढ्यानं पोरगं पाघळतं का. मग गेला होता. भीमराज सोबत गेला असता तर दादा कोणत्या गाडीत चढला, कोणत्या वाटेनं गेला, एवढं तरी कळलं असतं. शोधायला एक दिशा मिळाली असती. तीन वाटा आणि एक माय, तिनं एकेका वाटेनं जाऊन किती उंबरे झिजवले ते भीमराजनं पाहिलं होतं. आणि दर वेळी ती हात हलवत परतली की त्याच्या तोंडाशी ते शब्द यायचे आणि तो गिळून टाकायचा.

"माय, तुला भास होऊन राहिले," तो म्हणाला, आणि उठून शेडात गेला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मागचं चाक काढलं, चक्री उघडली आणि मोटारीच्या बेअरिंगला लावतो ते घट्ट ग्रीस खटक्यांच्या घरात ठासून भरलं. बोटानं दाबून दाबून भरलं. अशी चक्री मुकी होते, हे कोणीही सायकलवाला सांगेल. काम चांगलं झालं, हातानं चाक फिरवलं तर हूं का चूं नाही.

चार वाजले. काही आलं नाही. पत्रे वाजले, शेजारी कोणाच्या तरी नळाला पाणी आलं, बास.

माय पदर नीट करून बसली होती. साडेचार झाले. पाच झाले. चहावर साय धरली.

"आज आला न्हाई," ती म्हणाली.

"काय माहीत, माय."

असे आठ दिवस गेले. पहिले दोन दिवस ती बसली, मग टेकली, मग आडवी झाली. जेवण निम्म्यावर, मग चमचाभर पेजेवर आलं. डॉक्टर येऊन बघून गेले, वय झालं म्हणाले. दिपा तिचे पाय चोळत बसायची आणि भीमराजकडं बघायची, जणू काही त्याला माहीत असावं. त्याला माहीत होतं. तो शेडात जाऊन निळ्या रंगाचा दुसरा हात देत बसायचा, कारण ओट्यावर बसवत नव्हतं.

नवव्या दिवशी मायनं त्याला जवळ बोलावलं. हाताला हात लागला तर तिनं त्याची बोटं हुंगली.

"ग्रीस हाय," ती म्हणाली.

"मोटारीचं काम होतं."

"भीमा, काहून असं केलं? तो येऊन राहिला असंल रे. रोज येऊन राहिला असंल. मला ऐकूच येऊन नाही राहिलं."

तिचा आवाज चढला नाही, तक्रारही नव्हती त्यात. भीमराजनं तिच्या हातावर डोकं ठेवलं आणि एकतीस वर्षं गिळलेलं सगळं सांगून टाकलं. दादानं विचारलं होतं, माय. मी गेलो न्हाई. मी म्हणालो पडू दे तिथंच. माझ्यामुळं गेला तो, माझ्यामुळं सापडला न्हाई. लहान पोरासारखा तो हुंदके देत होता आणि माय त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. 

"चक्री धुऊन टाक," शेवटी म्हणाली. "लेकरू दारात ताटकळलं माझं."

त्यानं रॉकेलचा डबा काढला.

६

चक्रीतून ग्रीस निघता निघत नव्हतं. तीनदा रॉकेल बदललं. चाक बसवलं, चेन चढवली, नटबोल्ट आवळले. सायकल आता पुरी झाली होती, निळी, चकचकीत, मागं रेक्झिनची गादी, टेकायला वाकवलेला पाइप, पाय ठेवायला पट्ट्या. त्यानं चुलीवर चहा ठेवला, आणि शेडात येऊन पहिल्यांदाच तिचा स्टँड काढला आणि दोन्ही चाकांवर उभी करून हँडल धरून बघितली, सरळ चालते का म्हणून. तेवढ्यात चार वाजले.

टेकाडावरून आवाज आला. इतक्या दिवसांनी आला आणि पहिल्यापेक्षा स्वच्छ आला. पूल. निंब. हातपंप. भीमराज शेडात हँडल धरून उभा होता आणि हातातलं हँडल गार पडत चाललं होतं. सोडून पळावं असं त्याला वाटलं. पण मग माय ओट्यावर एकटीच राहिली असती. फाटकाशी वाळू चुरचुरली.

शेड आणि ओटा यांच्यात एकच भिंत. मायचं बोलणं त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. दुसरा आवाज ऐकू आला नाही. जिथं दुसऱ्यानं बोलायचं तिथं नुसती शांतता होती, आणि माय तेवढी थांबत होती.

"व्हय," ती म्हणाली. "आलास बाबा."

मग थांबली.

"न्हाई, तो न्हाई येत. त्याला बायको हाय, घर हाय. त्याला इचारू नको आता."

मग बराच वेळ थांबली. 

"मी येते की. मला बसव मागं. सायकल कोणीतरी वापस आणाया पाहिजे ना रे."

भीमराजला ओरडायचं होतं. माय, तुला सायकल येत न्हाई, असं काहीतरी खुळ्यासारखं त्याच्या तोंडापर्यंत आलं. आणि तेवढ्यात त्याच्या हातात सायकल जड झाली. आधी पुढच्या सीटची स्प्रिंग करकरली. मग मागं, कॅरियरवरची ती नवी गादी, दिपानं कापूस दाबून भरलेली, मधोमध हळूच खाली गेली. मागचं टायर जमिनीला थोडं चपटलं. सायकल डावीकडं कलली, लुगडं नेसलेली बाई एका बाजूनं बसली की कलते तशी. पायाची पट्टी किंचित वाकली.

त्यानं मान वर केली नाही. पुढच्या सीटवर कोण आहे ते बघायला मान वर करायला लागली असती. त्याला फक्त गादी दिसत होती, आणि गादीच्या कडेला रेक्झिनवर चार बोटांएवढी जागा दबली होती, घट्ट धरून बसल्यासारखी.

त्यानं हँडलवरचे हात सोडले. सायकल पडली नाही.

मग तो ओट्याकडं धावला. माय बाजेवर होती. पदर नीट केलेला, वेणी घातलेली, तोंड फाटकाकडं. हात अजून ऊन होता. चहा उकळून चुलीवर सांडला होता त्याचा वास येत होता. आवाज कुठलाच नव्हता, पण जाताना तो नसतोच.

शेडात परत गेला तेव्हा सायकल भिंतीला टेकून उभी होती. त्यानं ती टेकवली नव्हती.

७

गावानं सगळं रीतीनं केलं. किसनसिंग तांड्यावरून आला, भीमराजच्या खांद्यावर हात ठेवून बसला. मायच्या मरणानंतरच्या जलदानविधीला तिची दोन्ही लेकरं नावानिशी पुकारली गेली, एक हजर आणि एक गैरहजर. चौदा एप्रिल आला आणि गेला. निळी सायकल मिरवणुकीत न्यावी असं चार जणांनी सुचवलं. भीमराज नाही म्हणाला आणि कोणी आग्रह केला नाही.

सायकल शेडात स्टँडवर उभी होती. तो तिला हात लावत नव्हता. मोटारी भरत होता, लोकांना परवा या म्हणत होता, पण आता परवाचे चार-चार दिवस व्हायला लागले होते.

दिवस सरत गेले तसा तो स्वतःची समजूत घालू लागला. म्हातारी माय होती, गेली. मनाला घोर लागला की कान वाजतात. गादीचा कापूस नवा होता, बसला असेल. एकेका गोष्टीला एकेक कारण सापडलं, आणि सगळी कारणं लावून झाल्यावर त्याला बरं वाटायच्या ऐवजी नुसतं रिकामं वाटलं. माय होती तेव्हा वाट बघणारं कोणीतरी होतं घरात. आता वाटसुद्धा कोणी बघत नव्हतं.

मे महिना लागला. हळदीचं काम संपलं होतं, दिपा दुपारची घरीच असायची. एके दिवशी चारच्या सुमाराला ती ओट्यावर तूर निवडत बसली होती आणि भीमराज शेजारी पडला होता. तिनं सूप खाली ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "हे कोण सायकल ढकलत आणून राहिलं, एवढ्या उन्हाचं?"

भीमराज उठून बसला. दिपाला त्यानं त्या आवाजाचं काहीच सांगितलं नव्हतं, तिला भास व्हायचं काही कारण नव्हतं.

टेकाडावरून येत होता आवाज. पण तो पहिल्यासारखा नव्हता. टिक. मग बरंच थांबून टिक. टिक. उतारावरून सुटलेल्या चाकाचा तो आवाज नव्हता. ज्याला सायकल चालवता येत नाही असं कोणीतरी ती हातानं धरून, पावलापावलानं, चालत आणत होतं. पाय थकलेले असावेत. पुलापाशी थांबलं, दम खाल्ला, पुन्हा निघालं.

त्यानं शेडात डोकावून पाहिलं. निळी सायकल स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. ते बोटभर फिरत होतं आणि थांबत होतं. बोटभर फिरत होतं आणि थांबत होतं.

सात किलोमीटर. माय गेल्याला चाळीस दिवस झाले होते. चाळीस दिवस ती एकटी ती सायकल ढकलत होती, कारण त्यानं एकदा पडू दे तिथंच म्हटलं होतं.  भीती होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती.

"दिपा, चहा ठेव."

"किती जणांचा?"

"ठेव तर."

आवाज निंबापाशी आला आणि थांबला. या वेळी पुन्हा सुरू झाला नाही. निंबाखाली सावली होती, रिकामी, आणि रस्त्यावर पांढरं ऊन. कोणीतरी तिथं उभं राहून घराकडं बघत असावं, आता एवढं तरी कोणी पुढं येतं का म्हणून. फाट्यापर्यंत चल म्हटलं होतं तेव्हा तो गेला नव्हता. आता तर नुसतं निंबापर्यंत जायचं होतं.

त्यानं चपला घातल्या आणि फाटकाची कडी काढली.